शब्दांची शाळा : गव्हर्नर म्हणजे राज्यपाल नव्हे!



आज आधी एक कोडं. खालची चार वाक्यं नीट वाचा आणि त्यात किती चुका आहेत ते सांगा.

'बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडीत जन्मलेल्या एका मराठी गृहस्थांनी २०१८ साली गव्हर्नरपदाची निवडणूक लढवली. पण ते प्रायमरीतच हरले. पुढे २०२२ मध्ये ते काँग्रेसमध्ये निवडून गेले. मात्र कितीही मतं मिळाली तरी ते प्रेसिडेंट काही होऊ शकत नाहीत.'

काय, चक्रावलात ना? नागरिकशास्त्र पाठ असलेली ताई लगेच म्हणेल, "राज्यपालांची निवडणूक होतच नाही!" पहिली-दुसरीतला छोटू विचारेल, "प्रायमरीत हरले म्हणजे? इतके मोठे असून शाळेत होते?" आणि आजोबा पेपर खाली ठेवून म्हणतील, "काँग्रेसमध्ये प्रवेश करतात रे, निवडून कसे जातील?"

आता उत्तर ऐका. या चार वाक्यांत एकही चूक नाही! फक्त एक गोष्ट मी सांगितली नव्हती. हे सगळं घडलं ते अमेरिकेत. शब्द आपल्या ओळखीचे, पण तिकडे त्यांचे अर्थ वेगळे. जुळ्या भावांसारखं आहे हे. चेहरा एकच, पण एक हट्टी, दुसरा शांत. नुसत्या चेहऱ्यावर गेलात तर फसलात!

तुमच्यापैकी कितीतरी जणांचे मामा, काका, आत्या अमेरिकेत असतील. टीव्हीवर तिकडच्या निवडणुकीच्या बातम्या तर सारख्या येतात. म्हणून आज 'शब्दांची शाळा' थेट अमेरिकेत भरवू या. पण एक अट. प्रत्येक शब्दाला आपण तीन प्रश्न विचारायचे :

१. याला निवडलं कुणी?
२. हा जाब कुणाला देतो?
३. याला खुर्चीवरून कोण उतरवू शकतं?

हे तीन प्रश्न पाठ करून ठेवा. शेवटी सोलापुरात परत येऊ तेव्हा हेच उपयोगी पडणार आहेत.

कोण हे गृहस्थ?

त्यांचं नाव श्री ठाणेदार. गंमत अशी, की 'श्री' हे त्यांचं नावच आहे, आदरार्थी नव्हे! १९७९ साली ते रसायनशास्त्र शिकायला अमेरिकेत गेले, डॉक्टरेट मिळवली, उद्योग केला. १९८८ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले. 'ही श्रींची इच्छा' हे त्यांचं मराठी आत्मचरित्र तुमच्या आई-बाबांनी वाचलेलंही असेल. त्यांच्या पक्षाचं किंवा मतांचं कौतुक किंवा टीका आपल्याला करायची नाही. त्यांच्या वाटेवर जे जे शब्द लागले, ते आपल्याला बघायचे आहेत.

गव्हर्नर

ठाणेदार राहतात त्या राज्याचं नाव मिशिगन. लोकसंख्या साधारण एक कोटी. तिथला गव्हर्नर लोकांच्या थेट मतांनी चार वर्षांसाठी निवडला जातो आणि राज्याचा कारभार तोच चालवतो.

आपल्या राज्यपालांना इंग्रजीत गव्हर्नरच म्हणतात. पण त्यांची नेमणूक राष्ट्रपती करतात. कारभार त्यांच्या नावाने चालतो, चालवतात मात्र मुख्यमंत्री आणि मंत्रिमंडळ. म्हणजे अमेरिकेतला गव्हर्नर कामाच्या दृष्टीने आपल्या मुख्यमंत्र्यांच्या जवळचा. पण तिथेही फरक आहेच! आपल्या विधानसभेत २८८ आमदार. निम्म्याहून जास्त आमदारांचा पाठिंबा गेला, की मुख्यमंत्र्यांना जावं लागतं. मिशिगनच्या गव्हर्नरचं तसं नाही. विधिमंडळात विरोधकांचं बहुमत असलं, तरी तो आपली चार वर्षं कारभार करतो.

प्रायमरी

समजा, शाळेचा कबड्डीचा संघ निवडायचा आहे. एक पद्धत अशी, की पी.टी.चे सर नावं ठरवतात. दुसरी अशी, की वर्गातली सगळी मुलं हात वर करून ठरवतात, आपल्या वर्गातर्फे कुणी खेळायचं ते. मग तो खेळाडू दुसऱ्या वर्गाशी भिडतो.

आपल्याकडे पक्षाचं तिकीट कुणाला द्यायचं, हे पक्षाचे पुढारी ठरवतात. अमेरिकेत त्यासाठी आधी एक वेगळं मतदान होतं आणि त्यात सामान्य मतदार पक्षाचा उमेदवार ठरवतात. ही झाली प्रायमरी. खरी निवडणूक नंतर, नोव्हेंबरात. ऑगस्ट २०१८ मध्ये ठाणेदारांच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत ग्रेचेन व्हिटमर पहिल्या आल्या, ठाणेदार तिसरे. पुढे व्हिटमरबाई गव्हर्नर झाल्या. ठाणेदार खचले नाहीत. २०२० मध्ये ते राज्याच्या विधिमंडळात निवडून आले आणि २०२२ मध्ये थेट काँग्रेसमध्ये.

काँग्रेस आणि सिनेट

'काँग्रेस' या शब्दाचा मूळ अर्थ एकत्र जमणं, परिषद. १८८५ साली मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत जी राष्ट्रीय सभा भरली, तिच्या नावात हाच शब्द होता. पुढे तो आपल्याकडे पक्षाचं नाव झाला. अमेरिकेत मात्र काँग्रेस म्हणजे तिथली संसद. तिथे दोन मोठे पक्ष आहेत, डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन. दोन्ही पक्षांचे लोक काँग्रेसमध्ये बसतात!

या काँग्रेसची दोन सभागृहं आहेत. एक प्रतिनिधीगृह. त्यात ४३५ सभासद आणि मुदत फक्त दोन वर्षं. ठाणेदार इथे निवडून गेले. २०२२ ला निवडणूक झाली, की २०२४ ला पुन्हा लोकांच्या दारात. तेव्हाही ते जिंकले.

पहिल्या वेळी शपथ घेताना मोठी गंमत झाली. तिथे आधी अध्यक्ष, म्हणजे स्पीकर, निवडायचा आणि मग सभासदांनी शपथ घ्यायची, असा रिवाज आहे. ३ जानेवारी २०२३ ला मतदान सुरू झालं. कुणालाच बहुमत मिळेना! पुन्हा मतदान, पुन्हा तेच. पंधराव्या फेरीनंतर, ७ जानेवारी उजाडल्यावर, स्पीकर ठरला. तोपर्यंत सगळे निवडून आलेले सभासद बिनशपथेचे! आपल्या लोकसभेत अशी पंचाईत होत नाही. आपण आधी हंगामी अध्यक्ष नेमतो, ते सगळ्यांना शपथ देतात आणि मग कायमचा अध्यक्ष निवडला जातो.

दुसरं सभागृह सिनेट. (आपल्या विद्यापीठातही सिनेट असते, म्हणजे अधिसभा. तिचा याच्याशी संबंध नाही बरं का!) सिनेटमध्ये १०० सभासद. प्रत्येक राज्याला दोन, राज्य लहान असो की मोठं. कॅलिफोर्नियाची लोकसंख्या सुमारे ३ कोटी ९५ लाख, तिचे दोन. वायोमिंगची पावणेसहा लाखांच्या आसपास, तिचेही दोन. २०११ च्या जनगणनेत एकट्या सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. म्हणजे आपल्या शहरापेक्षा लहान राज्य, आणि सिनेटमध्ये सगळ्यात मोठ्या राज्याच्या मांडीला मांडी लावून बसतं!

असं का केलं? १७८७ साली राज्यघटना लिहिताना लहान राज्यांना भीती वाटली, की मोठी राज्यं आपल्याला गिळून टाकतील. मग तोड निघाली. एका सभागृहात लोकसंख्येप्रमाणे जागा, दुसऱ्यात सगळ्यांना सारख्या. आपल्या राज्यसभेत असं नाही. तिथे उत्तर प्रदेशचे ३१, महाराष्ट्राचे १९ आणि गोव्याचा एकच सभासद. आणि त्यांना निवडतात आमदार. अमेरिकेत सिनेटर १९१३ पासून लोकांच्या थेट मतांनी निवडले जातात.

सेक्रेटरी

आपल्या मंत्रालयात सेक्रेटरी म्हणजे सचिव. ते अधिकारी असतात, परीक्षा देऊन आलेले. मंत्री बदलतात, अधिकारी नोकरीत राहतात. अमेरिकेत मात्र 'सेक्रेटरी' म्हणजे मंत्र्यासारखा. 'सेक्रेटरी ऑफ स्टेट' म्हणजे तिथले परराष्ट्रमंत्री. अध्यक्ष त्यांची निवड करतात आणि सिनेटने होकार द्यावा लागतो.

आणखी एक मोठा फरक. आपल्याकडे मंत्र्याला खासदार किंवा आमदार असावंच लागतं. नसेल तर सहा महिन्यांत व्हावं लागतं. अमेरिकेत नेमकं उलटं! मंत्री व्हायचं तर काँग्रेसची जागा सोडावी लागते. हिलरी क्लिंटन सिनेटर होत्या. २००९ मध्ये सेक्रेटरी ऑफ स्टेट होताना त्यांना सिनेट सोडावी लागली. कायदे करणारे वेगळे, कारभार करणारे वेगळे आणि न्याय देणारे वेगळे, असं तिथलं सूत्र. याला 'सत्तेची विभागणी' म्हणतात.

प्रेसिडेंट

आता कोड्यातलं चौथं वाक्य. ठाणेदार प्रेसिडेंट का होऊ शकत नाहीत?

आधी वयं बघा. अमेरिकेत प्रतिनिधीगृहासाठी किमान २५ वर्षं, सिनेटसाठी ३०, अध्यक्षपदासाठी ३५. आपल्याकडे लोकसभेसाठी २५, राज्यसभेसाठी ३०, राष्ट्रपतिपदासाठी ३५. अगदी तंतोतंत! पण नागरिकत्वाचा नियम वेगळा. प्रतिनिधीगृहासाठी सात वर्षांपासूनचं नागरिकत्व पुरतं, सिनेटसाठी नऊ. अध्यक्षपदासाठी मात्र माणूस जन्मापासूनच अमेरिकेचा नागरिक असावा लागतो. ठाणेदारांचा जन्म चिकोडीतला, ते नागरिक झाले नंतर. त्यामुळे ते दार त्यांना बंद. आपल्या घटनेत राष्ट्रपती भारताचा नागरिक असला पाहिजे एवढंच म्हटलं आहे, जन्मापासूनची अट नाही.

अध्यक्ष निवडण्याची रीतही गमतीदार आहे. मत लोक देतात, पण मोजली जातात ती राज्यांची 'निर्वाचक' मतं. ती एकूण ५३८, जिंकायला २७० हवीत. बहुतेक राज्यांत जो पहिला येतो, त्याला त्या राज्याची सगळी मतं. त्यामुळे २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात २८ लाखांहून जास्त मतं अधिक मिळूनही त्या हरल्या आणि डोनाल्ड ट्रम्प अध्यक्ष झाले. क्रिकेटच्या मालिकेत एकूण धावा जास्त, पण सामने कमी जिंकले, तर चषक मिळतो का? तसंच हे.

हसू नका हं! आपले राष्ट्रपतीही थेट आपण निवडत नाही. खासदार आणि आमदार निवडतात, आणि त्यांच्या मताला 'किंमत' असते. महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताची किंमत १७५, सिक्कीमच्या आमदाराची ७.

तोंडी परीक्षा आणि वार्षिक परीक्षा

आता मला सांगा, अमेरिकेचे प्रेसिडेंट आणि आपले राष्ट्रपती, दोघांनाही इंग्रजीत एकच शब्द. मग दोघं सारखे का?

हा प्रश्न फार मोठ्या माणसाने फार आधी सोडवून ठेवला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकले. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना त्यांनी स्पष्ट सांगितलं, की नाव एक आहे म्हणून गोंधळू नका. नावापलीकडे दोन्ही पद्धतींत काहीच सारखं नाही. अमेरिकेचा अध्यक्ष स्वतः कारभार चालवतो. आपले राष्ट्रपती राष्ट्राचे प्रमुख, पण कारभार पंतप्रधान आणि मंत्रिमंडळाचा.

मग कोणती पद्धत चांगली? बाबासाहेबांनी दोन्ही बाजू मांडल्या. अमेरिकेच्या पद्धतीत स्थैर्य जास्त. अध्यक्ष चार वर्षं हलत नाही. पण त्याचा हिशेब होतो तो ठरावीक काळाने, निवडणुकीत. आपल्या पद्धतीत निवडणुकीत हिशेब होतोच, शिवाय रोजही होतो. सभागृहात प्रश्न विचारले जातात, चर्चा होतात, अविश्वासाचे ठराव येतात. म्हणून जबाबदारी जास्त आणि स्थैर्य कमी. घटनेच्या मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला जास्त महत्त्व दिलं.

आपल्या भाषेत सांगू? अमेरिकेच्या अध्यक्षाला एकच वार्षिक परीक्षा. आपल्या पंतप्रधानांना वार्षिक परीक्षा आहेच, शिवाय रोज फळ्यापाशी उभं राहून तोंडी परीक्षा!

ही तोंडी परीक्षा किती कडक असते बघा. १७ एप्रिल १९९९ ला लोकसभेत पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारवर विश्वास आहे की नाही, यावर मतदान झालं. बाजूने २६९, विरुद्ध २७०. एका मताने सरकार गेलं! एका मताची किंमत काय, ती त्या दिवशी सगळ्या देशाला कळली.

अमेरिकेत अध्यक्षाला असं एका मताने घरी पाठवता येत नाही. तिथे 'महाभियोग' आहे. आधी प्रतिनिधीगृहाने बहुमताने आरोप ठेवायचे, मग सिनेटने खटल्यासारखी सुनावणी करायची. काढायला सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं लागतात. आजवर तीन अध्यक्षांवर असे आरोप ठेवले गेले. १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन, १९९८ मध्ये बिल क्लिंटन, २०१९ आणि २०२१ मध्ये असे दोनदा डोनाल्ड ट्रम्प. सिनेटने एकालाही काढलं नाही. २०२५ मध्ये ठाणेदारांनीही ट्रम्प यांच्याविरुद्ध असा ठराव मांडला होता, तो मंजूर झाला नाही.

मग अध्यक्ष मोकाट सुटतो का? नाही. पैसे मंजूर करणं काँग्रेसच्या हातात. कायदा घटनेविरुद्ध असेल, तर न्यायालय तो रद्द करतं. उलट, काँग्रेसने केलेला कायदा नको असेल, तर अध्यक्ष तो परत पाठवतो. त्याला 'व्हेटो' म्हणतात, म्हणजे नकाराधिकार. पण दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी तो पुन्हा मंजूर केला, तर अध्यक्षाचं काही चालत नाही. प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याच्या बैलगाडीचा कासरा दिल्यासारखं आहे हे! कुणीच गाडी हवी तशी उधळू शकत नाही.

चला, सोलापुरात!

आता म्हणाल, "बाई, अमेरिकेचं कळलं, पण आम्हाला त्याचं काय?"

सांगते. ठाणेदारांच्या मतदारसंघात डेट्रॉईट शहराचा मोठा भाग येतो. आपलं सोलापूर चादरींचं, तसं ते मोटारींचं. तिथे 'मेयर' लोक थेट निवडतात आणि शहराचा कारभार तोच पाहतो. मेयर म्हणजे आपल्याकडे महापौर. पण आपला महापौर नगरसेवक आपल्यातून निवडतात, तो सभा चालवतो, शहराचा पहिला नागरिक असतो. रोजचा कारभार मात्र आयुक्तांच्या हातात. आणि आयुक्तांना नेमतं राज्य सरकार. शब्द पुन्हा एकच, आणि अर्थ पुन्हा वेगळा!

हे का माहीत हवं? नळाला पाणी आलं नाही, रस्त्यावरचा दिवा बंद पडला, शाळेसमोर कचरा साठला, की घरोघरी ऐकू येतं, "सरकार काही करत नाही." पण सरकार म्हणजे कोण? नगरसेवक? आयुक्त? आमदार? जिल्हाधिकारी? खासदार? अर्ज चुकीच्या टेबलावर गेला, की तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत बसतो, आणि दिवा बंद तो बंदच. ज्याचं काम त्याला विचारता आलं, तर उत्तर मिळण्याची शक्यता तरी असते. आणि ज्याला आपण निवडलं, त्याला पुढच्या मतदानात आपणच गुण देणार असतो.

तुम्हाला अजून मत नाही. पण अठरा वर्षं बघता बघता होतील. तोवर एक गृहपाठ करा.

वहीच्या पानावर चार रकाने आखा. पहिल्या रकान्यात ही नावं लिहा : नगरसेवक, महापौर, आयुक्त, जिल्हाधिकारी, आमदार, खासदार, सरपंच, राज्यपाल, मुख्यमंत्री. पुढच्या तीन रकान्यांत आपले तीन प्रश्न : निवडलं कुणी, जाब कुणाला, काढू शकतं कोण. खेड्यातल्या मुलांनी सरपंचापासून सुरुवात करा, शहरातल्यांनी नगरसेवकापासून. पाठ्यपुस्तक बघा, घरच्यांना विचारा, जमलं तर स्वतः नगरसेवकांनाच किंवा सरपंचांनाच विचारा.

आणि पालकांनो, मुलांनी विचारलं आणि तुम्हालाही उत्तर आठवलं नाही, तर "अभ्यास कर आधी" म्हणून त्यांना गप्प करू नका. त्यांच्या शेजारी बसा आणि दोघं मिळून तो रकाना भरा.

रकाने भरले, की शेवटी एक जास्तीची ओळ घाला. तिच्यात लिहा, 'आमच्या वर्गाचा मॉनिटर'. आणि मग खरं खरं सांगा, त्याला निवडलं कुणी?

— तुमच्या बाई